बिनलढाऊ सैनिकांचे स्मरण

परदेशातील मोहिमेवर रसद, वाहतूक, रस्तेबांधणी, शुश्रूषा, स्वयंपाक यांसारखी कामे करताना मरण पावलेले सैनिक आणि फौजेसोबतचे कामगार यांची आठवण जपण्याची प्रथा. कबर, स्मारकावर कोरलेले नाव, मरणोत्तर पदक आणि वार्षिक मानवंदना ही तिची नेहमीची रूपे. फौजेचे ओझे वाहणाऱ्यांना मराठीत ‘बुणगे’ म्हणत. ‘बाजारबुणगे’ ही आज शिवी आहे. या माणसांकडे कसे पाहिले गेले, ते एवढ्यावरून कळावे.

त्यांचा मृत्यू बहुधा गोळीने होत नाही. हगवण, हिवताप, न्यूमोनिया, वाहनाचा अपघात, बुडालेले जहाज ही कारणे जास्त. ‘धारातीर्थी पडला’ असे म्हणता येत नाही, म्हणून पोवाडाही होत नाही.

या स्मरणाला नियमाचे रूप पहिल्या महायुद्धात आले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने (ब्रिटिश साम्राज्याचा युद्धकबर आयोग; १९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताला सारखा मान देण्याचे तत्त्व स्वीकारले. मृतदेह मायदेशी न नेता तिथेच पुरायचे ठरले. शिळा सुमारे ८१ सेंमी उंच आणि ३८ सेंमी रुंद. तिच्यावर पलटणीचे चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, धर्मचिन्ह. तळाशी कुटुंबाने निवडलेली ओळ, तीही ६६ अक्षरांत बसवायची. जनरल असो की खेचरे हाकणारा ड्रायव्हर, दगड तेवढाच. बेल्जियममधील लाइसेनथुक दफनभूमीत दहा हजारांवर पुरुषांमध्ये एकाच स्त्रीची कबर आहे: ऑगस्ट १९१७ मध्ये तोफगोळ्याने मारली गेलेली परिचारिका नेली स्पिंडलर.

युरोपबाहेर मात्र हे तत्त्व पातळ होत गेले. पूर्व आफ्रिकेत धड रस्ते नव्हते आणि त्सेत्से माशीमुळे जनावरे तगत नसत. त्यामुळे धान्य आणि दारूगोळा माणसांच्या डोक्यावरून गेला. कॅरियर कोअर म्हणून ओळखल्या गेलेल्या या हमालांपैकी सुमारे एक लाख मेले असावेत, असा अंदाज आहे. बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. नैरोबीत त्यांच्यासाठी ब्राँझचे पुतळे उभे राहिले, त्यात ओझेवाल्याचाही आहे, पण नावे नाहीत. नोंदी अपुऱ्या होत्या हे खरे. तथापि नावे कोरणे वसाहतीच्या अधिकाऱ्यांना अनावश्यकही वाटले होते. नैरोबीचे कारियोकोर आणि दार-एस-सलामचे कारियाकू ही बाजारपेठांची नावे ‘कॅरियर कोअर’ या शब्दांचीच बोलीत रुळलेली रूपे आहेत. पुतळ्यापेक्षा हे स्मारक जास्त वापरातले, जरी भाजी घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसला तरी.

२१ फेब्रुवारी १९१७ रोजी ‘मेंडी’ हे जहाज फ्रान्सकडे जाताना आइल ऑफ वाइटजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाले आणि दक्षिण आफ्रिकेच्या कामगार तुकडीतील ६०० हून अधिक जण दगावले. त्यांची नावे साउदॅम्प्टनच्या हॉलीब्रुक स्मारकावर आहेत. कृष्णवर्णीय कामगारांना युद्धपदक मात्र त्यांच्याच सरकारने नाकारले. आज हाच दिवस दक्षिण आफ्रिकेत सशस्त्र दल दिन म्हणून पाळतात. जहाजाची घंटा २०१८ मध्ये त्या देशाला परत मिळाली.

युद्धकबर आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने चूक कबूल केली: किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील, नावानिशी नोंद झालेली नव्हती, किंवा कदाचित मुळीच झालेली नव्हती. त्यानंतर जुनी कागदपत्रे पुन्हा चाळण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये केपटाउनच्या कंपनीज गार्डनमध्ये खुल्या झालेल्या स्मारकात दगडी भिंत नाही. १,७०० हून अधिक कामगारांसाठी आफ्रिकी लाकडाचे खांब आहेत, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूची तारीख.