आंबा कलमाची सुरुवातीची निगा

कोकणातील घराच्या परसात लावलेले आंब्याचे कलम स्वतःच्या मुळांवर तग धरू लागेपर्यंत, म्हणजे साधारण पहिली 3 वर्षे, त्याची जी देखभाल करावी लागते तिला सुरुवातीची निगा म्हणता येईल. हल्ली परसात लावली जाणारी बहुतेक रोपे कोय कलमाची असतात. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूस, रत्ना यांसारख्या जातीची काडी बांधून ती तयार करतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) या पद्धतीचा मोठा प्रसार केला.

लागवड पावसाच्या सुरुवातीला होते. जांभ्या जमिनीत एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा आधीच खणून तो चांगली माती आणि शेणखत यांनी भरलेला असतो, आणि ही भर पहिल्या पावसात खचते. त्यामुळे खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरला नसेल, तर बुंध्याशी पाणी साचून मुळे कुजतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सांधा पक्का जुळल्यावर सोडली पाहिजे. तशीच राहिली तर ती खोडात रुतते. सांध्याखालून फुटणारी पालवी मूळ रायवळ खुंटाची, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या खालच्या साध्या रोपाची, असल्याने ती दिसताच खुडावी लागते. याकडे दुर्लक्ष झाल्यास खुंट जोमाने वाढतो, वरची काडी मरते आणि हापूस म्हणून लावलेल्या झाडाला पुढे रायवळ आंबे धरतात. वाऱ्याने सांधा मोडू नये म्हणून शेजारी काठी रोवून कलम तिला सैलसर बांधतात.

कलमाची खरी परीक्षा पावसाळ्यात नव्हे, तर त्यानंतरच्या आठ कोरड्या महिन्यांत होते. चार महिन्यांत धो धो कोसळणारे पाणी जांभ्यात फार काळ टिकत नाही आणि कलमाची मुळे अजून खोल गेलेली नसतात. म्हणून पाऊस सरताच बुंध्याभोवती आळे करून मेअखेरपर्यंत पाणी घालतात. रोज तांब्याभर शिंपण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर पाणी सावकाश मुरू देणे केव्हाही चांगले, कारण वरवरच्या ओलीने मुळेही वरच राहतात. आळ्यात पेंढा किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरतात, पण तो खोडापासून वीतभर लांब ठेवतात. खोडाला टेकलेल्या पाचोळ्याखालून वाळवी वर चढते. दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेकडून नारळाच्या झावळ्यांचा आडोसा करतात, आणि मोकाट गुरे असतील तिथे वई म्हणजे कुंपण घालतात.

खताची घाई नसते. पहिल्या वर्षाची मात्रा पूर्ण वाढलेल्या झाडाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे 150 ग्रॅम नत्र, 50 ग्रॅम स्फुरद व 100 ग्रॅम पालाश, असते आणि ती दरवर्षी तितकीच वाढवत नेतात.

कलमकाडी फळत्या झाडावरची असल्याने हातभर उंचीच्या कलमालाही मोहोर येऊ शकतो. घरच्यांना त्याचे अप्रूप वाटले, तरी पहिली 3 वर्षे तो खुडून टाकतात, कारण फळे पोसण्यात गेलेली ताकद फांद्या आणि मुळे यांच्या वाट्याची असते.