पवनचक्की-सौर कंपनीचे शेअर घेतलेत? प्रकल्पाची माहिती कुठे बघायची आणि कशी मागायची

साताऱ्याहून ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की रांगेनं उभ्या पवनचक्क्या दिसतात. पाटणकडं वनकुसवड्याला आहेत, सांगलीत ढालगाव-कवठेमहांकाळ भागातही आहेत. रोज डोळ्यांसमोर पातं फिरताना बघून आपल्याकडं अनेकांनी पवन आणि सौर कंपन्यांचे शेअर घेतले. मग मोबाईलवर मेसेज येतो, 'कंपनीला ५०० मेगावॉटचं काम मिळालं', आणि खरंखोटं कुठं तपासायचं ते कळत नाही. त्याची जागा ठरलेली आहे आणि तिथं पैसे पडत नाहीत.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीनं महत्त्वाची घडामोड बाजाराला कळवलीच पाहिजे, असं सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०१५ च्या नियमावलीतला नियम ३० सांगतो. संचालक मंडळाच्या बैठकीत निर्णय झाला तर बैठक संपल्यावर ३० मिनिटांत, आणि बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांत. कंपनीच्या आतली इतर घडामोड १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून 'अनाउन्समेंट्स' उघडा. त्यासाठी डिमॅट लागत नाही, शेअरही लागत नाही. मोठ्या कामाची बातमी तिथं सापडत नसेल, तर त्या मेसेजवर एक रुपयाही लावू नका.

सापडली तर शब्द नीट वाचा, कारण सगळी मेख तिथंच असते. 'सामंजस्य करार' म्हणजे फक्त इरादा. 'लेटर ऑफ अवॉर्ड' म्हणजे काम मिळालं, पण जमीन आणि ग्रीडची (वीजवाहिन्यांच्या जाळ्याची) जोडणी बाकी असू शकते. 'कार्यान्वित' हा शब्द आला म्हणजेच प्रकल्प वीज द्यायला लागला. सौर प्रकल्पात आणखी एक गफलत होते. पॅनेलची क्षमता डीसीत (एकदिश विजेत) मोजतात, ग्रीडला जाणारी वीज एसीत (घरात येते तशा विजेत), आणि डीसीचा आकडा बहुधा मोठा असतो. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापातले आहेत का, ते बघाच. पवनऊर्जेचं तर आपल्या लोकांना सांगायला नको. पठारावर खरा वारा पावसाळ्यात. म्हणून जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, जानेवारी-मार्चशी नको.

निकालानंतर विश्लेषकांशी झालेल्या बोलण्याचं शब्दांकनही कंपनीला ५ कामकाजाच्या दिवसांत जाहीर करावं लागतं. माझ्या मते चकचकीत सादरीकरणापेक्षा हे जास्त कामाचं, कारण अडचणीचे प्रश्न तिथं विचारलेले असतात.

आता स्वतः विचारायचं असेल तर. मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपनीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, नोटीस २१ दिवस आधी येते. पात्रता एवढीच, की नोटिशीतल्या कट-ऑफ तारखेला तुमच्या नावावर शेअर हवा. एकच असला तरी चालतो. सभा ऑनलाइन असेल तर बोलण्यासाठी बहुधा आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदणी केलेल्या ईमेलवरून नाव, डीपी आयडी-क्लायंट आयडी म्हणजे डिमॅट खात्याचा नंबर (कागदी शेअर असतील तर फोलिओ नंबर), पॅन, मोबाईल नंबर आणि प्रश्न पाठवा. मुदत नोटिशीतच दिलेली असते. प्रश्न नेमका विचारा: गेल्या वर्षी जाहीर केलेल्या मेगावॉटपैकी किती कार्यान्वित झाले, आणि उरलेले जमिनीमुळं अडले की ग्रीडमुळं? वार्षिक अहवालाची छापील प्रत मागितली तर कंपनीला द्यावी लागते.

घरात वडिलांच्या वेळचे कागदी शेअर असतील, तर आधी आयएसआर-१ फॉर्म भरून पॅन, पत्ता, बँक खात्याचा तपशील कंपनीच्या रजिस्ट्रारकडं (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडं) नोंदवा. नॉमिनी नेमण्यासाठी एसएच-१३ फॉर्म.

शेअर नाहीत पण शेताशेजारून प्रकल्पाचा रस्ता गेलाय, अशांनाही मार्ग आहे. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा आहे. त्यात स्थानिक लोकांकडून वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत, हे लिहावं लागतं. तुमची तक्रार कंपनीकडं लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं त्या आकड्यात येईलच असं नाही. कंपनी सरकारी असेल, तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. केंद्राच्या कंपनीसाठी फी १० रुपये.

भागधारकाला कंपनीनं दाद दिली नाही, तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर पॅन देऊन नोंदणी करा, आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडा. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागता येते. प्रकल्प चालेल का, भाव वाढेल का, असले प्रश्न तिथं घेत नाहीत. तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून कंपनीला पाठवलेला पहिला ईमेल तारखेसकट जपून ठेवा.