परिणाम-पूर्वग्रह

परिणाम-पूर्वग्रह म्हणजे एखाद्या निर्णयाची योग्यता ठरवताना, तो घेतेवेळी हाती असलेल्या माहितीपेक्षा नंतर लागलेल्या निकालाला अवाजवी महत्त्व देण्याची मानवी प्रवृत्ती. घडलेली गोष्ट आधीच ओळखता आली असती असे मागाहून वाटणे, या वेगळ्या पूर्वग्रहाशी त्याची अनेकदा गल्लत केली जाते. परिणाम-पूर्वग्रहात मात्र धोक्याचे आकडे मूल्यमापन करणाऱ्यासमोर स्पष्ट मांडलेले असतानाही त्याचे मत निकालाकडे झुकते.

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमुळे ही संकल्पना रूढ झाली. त्यांतील एका प्रसंगात ५५ वर्षांच्या हृदयरुग्णावर बायपास शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात आणि तिच्यात मृत्यूची शक्यता ८ टक्के असते. रुग्ण बरा झाला असे वाचणाऱ्यांना हा निर्णय अधिक योग्य वाटला, तर तो दगावला असे वाचणाऱ्यांना कमी योग्य, जरी बाकीचा तपशील अक्षरशः तोच होता. निकालाचा विचार करू नये, हे तत्त्व सहभागींपैकी बहुतेकांना मान्य होते. तरीही त्यांचे मत निकालानुसार बदलले, हा या संशोधनाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

तज्ज्ञताही यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११२ भूलतज्ज्ञांना २१ प्रकरणे तपासण्यास दिली होती. रुग्णाला झालेली इजा तात्पुरत्याऐवजी कायमची असल्याचे दाखवताच, उपचार योग्य होते असे सांगणाऱ्या मतांचे प्रमाण ३१ टक्के-बिंदूंनी घसरले.

वाईट निकालामुळे विचारपूर्वक काम करणाऱ्यावर अन्याय होतो, हे सहज लक्षात येते. सदोष निर्णय सुदैवाने तरून गेला की त्याची चौकशीच होत नाही, हा धोका अधिक खोल आहे. ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या आधीच्या काही उड्डाणांत घन-इंधन रॉकेटच्या सांध्यांमधील रबरी कड्यांची झीज आढळली होती. पण अंतराळयाने सुखरूप परतत राहिल्याने ती झीज चालवून घेण्याजोगी मानली जाऊ लागली. कडाक्याच्या थंडीत उड्डाण करू नये असा इशारा अभियंत्यांनी आदल्या रात्री देऊनही २८ जानेवारी १९८६ रोजी यान सोडण्यात आले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सकाळी उघड झालेला दोष आधीच्या यशस्वी उड्डाणांतही होताच.

निकालाकडे पाहणे प्रत्येक वेळी चूक असते, असे मात्र नाही. निर्णय घेणाऱ्याला काय ठाऊक होते हे कळत नसेल, तर निकाल हा एक पुरावा असतो. तसेच एकाच व्यक्तीच्या पुष्कळ निर्णयांचे निकाल एकत्र पाहिल्यास योगायोगाचा वाटा कमी होतो. एकट्या घटनेला हा न्याय लावता येत नाही. २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनीने शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले आणि भारत ५ धावांनी जिंकला. मिसबाह-उल-हकचा फटका श्रीशांतच्या हातात न जाता सीमापार गेला असता, तर त्याच निवडीवर सडकून टीका झाली असती.

भारतीय कायद्याने या प्रवृत्तीची दखल घेतली आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे स्पष्ट केले की वैद्यकीय निष्काळजीपणा तपासताना खटल्याच्या दिवशीचे नव्हे, तर घटनेच्या वेळी उपलब्ध असलेले ज्ञान प्रमाण मानावे आणि केवळ उपचार अयशस्वी झाले म्हणून डॉक्टरला दोषी धरू नये. संस्थांच्या पातळीवर निर्णयाची कारणे, विचारात घेतलेले पर्याय आणि गृहीत धरलेल्या शक्यता निकालापूर्वीच लिहून ठेवणे उपयोगी पडते. शक्य तेथे परीक्षकाला निकाल न सांगता मूल्यमापन करून घेणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.