मायटर जोडाची पेटी: मजबुतीच्या शोधाची पार्श्वभूमी

दोन फळ्यांची टोके ४५ अंशांत कापून पेटीच्या कोपऱ्यात भिडवली, की कापलेला भाग बाहेरून दिसत नाही आणि लाकडाच्या रेषा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर अखंड वळल्यासारख्या भासतात. मायटर जोडाच्या या देखणेपणाची भुरळ सुतारांना फार पूर्वीपासून पडलेली आहे. मात्र नुसता मायटर हा सुतारकामातील कमकुवत जोडांपैकी एक आहे, हेही त्यांना तितक्याच पूर्वीपासून ठाऊक होते. त्यामुळे या जोडाचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्याला आतून आधार देण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे.

दुर्बलतेचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. तिरक्या कापामुळे चिकटवण्याचे क्षेत्र सरळ टोकापेक्षा सुमारे १.४ पट मिळते, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या फळीला जवळपास १७ मिलिमीटर रुंदीचा पृष्ठभाग लाभतो. परंतु त्या पृष्ठभागावर लाकडाच्या नलिका तिरक्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्या गोंद शोषून घेतात, त्यामुळे सांध्यात पुरेसा गोंद उरत नाही. शिवाय दोन्ही फळ्या एकमेकींत कुठेच अडकत नाहीत. गोंद सुटला की कोपरा सुटतो.

प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनी पेट्या, शवपेट्या आणि इतर लाकडी सामानात मायटरचा वापर केला, तोही तांब्याच्या आणि कांशाच्या हत्यारांनी. तिथे साध्या मायटरबरोबरच आत खांदा (पायरीसारखा काप) ठेवून एक फळी दुसरीत बसवणारे प्रकारही आढळतात. थीब्ज येथील रेखमिरे या वजिराच्या थडग्यातील चित्रांत सुतारांच्या शेजारी विस्तवावर ठेवलेले सरसाचे (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचे) भांडे दिसते, म्हणजे इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात गरम सरस हा कामाचा नित्याचा भाग होता. तुतनखामनच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यातील अनेक पेट्यांवरून या परंपरेची सफाई कुठवर पोचली होती हे कळते.

चीनमध्ये मिंग काळात (१३६८ ते १६४४) टेबल, कपाटे आणि पेट्यांच्या चौकटी वरून मायटर दिसतील, पण आत कुसू (लाकडाच्या टोकाचा जिभेसारखा भाग) आणि खाच एकमेकांत घट्ट बसलेली असेल, अशा रीतीने घडवल्या जात. जपानी सुतारांनीही दर्शनी मायटरच्या आड गुंतागुंतीचे अडकवणीचे जोड लपवले. माझ्या मते मायटरच्या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर हेच आहे, कारण त्यात भार गोंदावर न राहता लाकडावर येतो.

युरोपात मध्ययुगातील बऱ्याच पेट्या खिळ्यांनी ठोकलेल्या जाड फळ्यांच्या असत. रुंद फळी ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, म्हणून खिळ्यांनी जखडल्यावर ती तडकते. उत्तर मध्ययुगात चौकट आणि तिच्या खोबणीत सैल बसणारा फलक ही रचना रुळली आणि ही अडचण बरीच दूर झाली. आजच्या मायटर जोडाच्या पेटीचा अस्सल लाकडी तळ खोबणीत न चिकटवता सैल ठेवतात तो याच कारणाने. एरवी पावसाळ्यात फुगलेला तळ चारही कोपरे आतून ढकलून उघडतो.

अचूकतेचा प्रश्न वेगळाच होता. चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला आणि सर्व चुका एकाच दिशेने पडल्या, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते. लंडनचा मुद्रक जोसेफ मॉक्सन याने १६७८ पासून हप्त्याहप्त्याने छापलेल्या कारागिरीविषयक लेखनात मायटरचा गुण्या (४५ अंशांचा कोन आखण्याचे साधन) आणि करवतीला ठरलेल्या कोनात धरणारी मायटर पेटी यांचे वर्णन आहे. करवतीनंतर तिरक्या ठोकळ्यावर फळी टेकवून रंध्याने शेवटचा पातळ पापुद्रा काढण्याची रीत मात्र आजही यंत्रांवर मात करते.

अठराव्या शतकात उंची फर्निचर घडवणाऱ्यांनी डव्हटेल (टोकाकडे पसरट होणाऱ्या दातांचा जोड) पूर्णपणे मायटरच्या आत दडवला. बाहेर फक्त एक बारीक रेषा दिसते आणि आत दात एकमेकांत गुंतलेले असतात. हा जोड कापायला अवघड असतो आणि एकदा बसवल्यावर त्यातील कौशल्य कोणाला दिसतही नाही. तरीही तो करणारे होते, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

विसाव्या शतकात गोंद बदलला. जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये पांढऱ्या गोंदाचा मूळ घटक असलेले पॉलिव्हिनाइल अॅसिटेट शोधले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पांढरा गोंद कार्यशाळांत सर्वत्र पोचला. सरस तापवण्याची गरज संपली. पण तिरक्या टोकांवर आधी पातळ हात फिरवून तो शोषला गेल्यावर पुन्हा गोंद लावण्याची जुनी सवय अजूनही उपयोगी पडते. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हेर्मान श्टायनर यांनी दाबलेल्या लाकडाची चपटी चकती आणली, जी खाचेत गोंदामुळे फुगून जोड आतून पकडते.

छोट्या पेट्यांना मात्र कोपऱ्यावरून आडव्या कापलेल्या खाचेतील पाचर अधिक सोयीची ठरली, कारण पेटी आधी चिकटवून वाळवता येते आणि मगच खाचा पाडता येतात. पाचर वेगळ्या रंगाच्या लाकडाची घेतली की आधार लपवण्याऐवजी तो नक्षी म्हणून मिरवतो. पाचरीच्या रेषा जोडाच्या आडव्या, म्हणजे एका फळीतून दुसऱ्या फळीत जाणाऱ्या असाव्या लागतात. त्या जोडाला समांतर ठेवल्या, तर ताण पडताच पाचर रेषेवरच चिरते आणि कोपरा पुन्हा केवळ गोंदाच्या भरवशावर राहतो.