पेटीतला पेंढा

मार्केट यार्डात हापूसची पेटी उघडली की आंब्यांच्या मधल्या फटींत ठासलेला पेंढा दिसतो. ज्या चरबीच्या नावानं अर्धं पुणं पहाटे तळजाई चढतं, ती पोटात काही ठिकाणी हेच काम करते.

माझी आत्या ८२ वर्षांची, राहायला सदाशिव पेठेत. एका आजारपणात वजन ३८ किलोवर आलं, ते पुन्हा भरलंच नाही. उजव्या मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ जायची. संधिवात असेल म्हणून आम्ही आपले तेल चोळतोय! मग उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, वारासुद्धा सरेना. सीटी स्कॅनमध्ये निघाला ऑब्ट्युरेटर हर्निया.

ओटीपोटाच्या हाडात, नस आणि रक्तवाहिन्या मांडीत उतरतात तिथं, एक चिंचोळी वाट असते. ती चरबीच्या गादीनं बुजलेली असते. माणूस खंगला की गादी विरते आणि आतडं त्या वाटेत घुसून अडकतं. शेजारची नस दाबली जाते, म्हणून दुखते मांडी. बाहेर गाठ बहुधा दिसत नाही. कृश, म्हाताऱ्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांत हा जास्त सापडतो.

आतडं अडलं की पोट उघडायचंच, असं नाही. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटून अडली असतील आणि रक्तपुरवठा शाबूत असेल, तर नाकातून नळी, सलाईन आणि दोन-तीन दिवस उपास एवढ्यावर अनेकदा भागतं. फासात सापडलेल्या आतड्याला मात्र तेवढी सवड नसते. आत्याचं ऑपरेशन त्याच रात्री झालं, तरी काळा पडलेला वीतभर तुकडा कापावा लागला.

याच्या उलट गंमत आतड्याच्या सुरुवातीला. महाधमनी आणि तिच्यातून आतड्याकडे उतरणारी धमनी यांच्या कैचीतून लहान आतड्याचा पहिला भाग जातो. कैचीतलं अंतर एरवी १० ते २८ मिलिमीटर. झपाट्यानं वजन उतरून मधली चरबी गेली की ते ८ च्याही खाली येतं आणि खाल्लेलं पुढं सरकत नाही. इथं पहिलं औषध म्हणजे वजन वाढवणं. अडथळ्यापलीकडे नळी सारून खाऊ घालतात. गादी परत भरली तर सुरीची गरज पडत नाही.

लठ्ठपणासाठी जठराचा बायपास, म्हणजे जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन, करून घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. वजन उतरताना आतडी ज्याला लटकलेली असतात त्या पडद्यातली चरबी झडते, ऑपरेशनमुळे त्यात उरलेल्या फटी रुंदावतात, त्यातून आतडं निसटून पिळू शकतं. त्यामुळे पोटात कळ आली तर डॉक्टरांना आधी बायपासचं सांगावं, त्याला कितीही वर्षं झाली असोत.