संरक्षक रिलेचे चुकीचे कार्य : शोध व निदान

वीज उपकेंद्रातील रिलेने (प्रवाह व व्होल्टेजवर नजर ठेवून ब्रेकरला आदेश देणाऱ्या उपकरणाने) दोष, म्हणजे शॉर्ट सर्किटसारखा बिघाड, नसताना किंवा आपल्या क्षेत्राबाहेरच्या दोषावर ब्रेकर ट्रिप करणे (पुरवठा तोडणे), अथवा दोष असूनही गप्प राहणे, याला रिलेचे चुकीचे कार्य म्हणतात. गप्प राहिलेला रिले अधिक घातक, कारण मग मागच्या उपकेंद्राचे बॅकअप संरक्षण उशिरा चालते आणि मोठा भाग अंधारात जातो.

चूक दर वेळी रिलेचीच असते असे नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर वाहिनी डिस्टन्स रिलेच्या (इम्पिडन्स, म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह, मोजून दोषाचे अंतर ठरवणाऱ्या रिलेच्या) झोन ३ वर, म्हणजे दूरवरच्या बॅकअप टप्प्यावर, ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळले. वाहिनीवर दोष नव्हताच. प्रचंड भार आणि उतरलेला व्होल्टेज यांमुळे रिलेला इम्पिडन्स कमी दिसला, आणि तो सेटिंगप्रमाणे वागला. म्हणून तपासाचा पहिला प्रश्न ‘रिलेने काय पाहिले?’ हा असावा.

त्यासाठी फ्लॅग (रिलेवर उमटलेली ट्रिपची खूण), इव्हेंट लॉग आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड (त्या क्षणीच्या प्रवाह-व्होल्टेजच्या तरंगांची नोंद) हे पुरावे रिले रिसेट करण्याआधी टिपावे लागतात. पुरवठा सुरू करण्याच्या घाईत नेमके हेच राहून जाते. वेळ जीपीएसशी जुळलेली नसेल, तर दोन टोकांच्या नोंदी एकमेकींशी लावताना नाकीनऊ येतात.

ट्रान्सफॉर्मरचा डिफरेन्शियल रिले (दोन्ही बाजूंच्या प्रवाहांतला फरक पाहणारा) बाहेरच्या दोषावर चालला, तर आधी सीटीकडे, म्हणजे मोठा प्रवाह रिलेसाठी लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरकडे, पाहावे. एका बाजूची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) उलट जोडली गेली असेल, तर वजा व्हायचे प्रवाह बेरजेत येतात. भार कमी असेपर्यंत ही चूक लपून राहते. सीटी संपृक्त झाल्यास (त्याच्या गाभ्याची चुंबकीय क्षमता संपल्यास) नोंदीत तरंगाचा आकार मोडलेला दिसतो. ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच ट्रिप झाला, तर दुसऱ्या हार्मोनिकचे (मूळ वारंवारतेच्या दुप्पट घटकाचे, जो चार्ज करतानाच्या प्रवाहाच्या लोंढ्यात दिसतो) प्रमाण आणि त्याचे सेटिंग पडताळतात.

आपल्याकडे पावसाळ्यात बुकहोल्ट्झ रिलेचा (ट्रान्सफॉर्मरच्या तेलात साठणारा वायू ओळखणाऱ्या रिलेचा) टर्मिनल बॉक्स हा नेहमीचा संशयित. झाकणाचे गॅस्केट कडक झाले की आत पाणी शिरते, टर्मिनल ओले होतात आणि ट्रिपचा संपर्क जणू मिटल्यासारखा होतो. रिलेत वायू साठलेला नाही, तेलाच्या वायू-विश्लेषणात बदल नाही, पण केबल रिलेपासून सोडवून मेगर (इन्सुलेशन मोजणारे यंत्र) लावला तर इन्सुलेशन पडलेले, असे आढळल्यास बिघाड ट्रान्सफॉर्मरमध्ये नसून वायरिंगमध्ये असण्याचीच शक्यता जास्त. डीसी अर्थचा (ट्रिप सर्किटच्या बॅटरी पुरवठ्याचा जमिनीशी संबंध आल्याचा) अलार्मही अंगावर काढू नये : एका जागी अर्थ झाल्याने सहसा काही होत नाही, पण दुसऱ्या जागीही झाला की संपर्क न मिटता ट्रिप कॉइलला पुरवठा मिळू शकतो.

सेकंडरी इंजेक्शनमध्ये (रिलेलाच थेट चाचणीचा प्रवाह देऊन पाहताना) रिले बरोबर चालला, की प्रकरण मिटवण्याची सवय असते. त्या चाचणीत फक्त रिले तपासला जातो. सीटीचे गुणोत्तर, पोलॅरिटी आणि यार्डातून येणारी केबल बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी प्रायमरी इंजेक्शन (सीटीच्या मुख्य बाजूतून प्रवाह सोडणे) करावे लागते, आणि भार आल्यावर प्रत्येक फेजचा प्रवाह व कोन रिलेच्या पडद्यावर वाचून पडताळावा लागतो.