स्पॉट इन्स्टन्स : बोटो३ मधून मागणी

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस (एडब्ल्यूएस) या क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून संगणक भाड्याने देणाऱ्या व्यवस्थेच्या, ईसी२ सेवेत त्या त्या वेळी रिकामी असलेली संगणनक्षमता सवलतीत भाड्याने घेण्याची पद्धत. गरज पडताच एडब्ल्यूएस ही भाड्याची यंत्रे (आभासी संगणक, म्हणजेच इन्स्टन्स) परत घेऊ शकते. या अटीच्या बदल्यात भाडे नेहमीच्या ऑन-डिमांड (हवे तेव्हा यंत्र घेण्याच्या) दरापेक्षा ९० टक्क्यांपर्यंत कमी असते. ही पद्धत डिसेंबर २००९ मध्ये सुरू झाली. पायथन भाषेतील प्रोग्राममधून अशी मागणी नोंदवण्यासाठी बोटो३ ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, (२०१५ पासून सर्वांसाठी खुली) सर्रास वापरली जाते.

ही क्षमता शिल्लक का राहते, याबद्दल एक आख्यायिका रूढ आहे. सणासुदीच्या गर्दीसाठी ॲमेझॉनच्या दुकानाने घेतलेले संगणक एरवी पडून राहत, त्यांतूनच ईसी२ जन्मली, असे सांगितले जाते. कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी व्हर्नर व्होगेल्स यांनी ही निव्वळ दंतकथा असल्याचे म्हटले आहे. २००६ मध्ये चाचणीसाठी खुली झालेली ईसी२ ही ख्रिस पिंकहॅम यांच्या केप टाउनमधील चमूने स्वतंत्रपणे उभारली होती, हे पाहता व्होगेल्स यांचेच म्हणणे ग्राह्य धरावे. शिवाय सवलतीत मिळते ती क्षमता दुकानाची नसून क्लाउडची स्वतःची शिल्लक असते.

यापेक्षा महत्त्वाचा वाद दराचा आहे. आरंभीच्या पद्धतीत ग्राहक जास्तीत जास्त किती दर देणार याची बोली लावत असे. चालू दर बोलीच्या आत असेपर्यंत यंत्र त्याच्याकडे राही आणि आकारणी बोलीप्रमाणे न होता चालू दराने होई. हा दर मागणी-पुरवठ्यातून ठरतो असे समजून अनेक अभ्यासकांनी त्यावर गणिती प्रतिमाने रचली. २०११ मध्ये इस्राएलमधील टेक्निऑन संस्थेच्या ओर्ना अगमोन बेन-येहुदा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या दरांचे पृथक्करण करून वेगळा निष्कर्ष काढला. त्यांच्या मते दर बहुतेक वेळा बाजारातून न येता, एका अरुंद पट्ट्यात यादृच्छिक रीतीने बदलणाऱ्या गुप्त किमान दरावरून निघत होते. निष्कर्ष बाहेरून घेतलेल्या नोंदींवर बेतलेला असला, तरी दरांचा आकृतिबंध पाहता तो पटण्याजोगा आहे. त्या काळातील दरमालिका खऱ्या मागणीचा पुरावा म्हणून वापरताना म्हणूनच सावध राहावे. २०१७ च्या अखेरीस बोलीची पद्धत मागे पडली. आता दर दीर्घकालीन मागणी-पुरवठ्यानुसार सावकाश बदलतात. कमाल दर न दिल्यास ऑन-डिमांड दर हीच मर्यादा धरली जाते.

बोटो३ मध्ये मागणीसाठी ‘रिक्वेस्ट_स्पॉट_इन्स्टन्सेस’ ही पद्धत (मेथड, म्हणजे प्रोग्राममधून वापरायची तयार आज्ञा) आहे. तिला यंत्रांची संख्या, मागणीचा प्रकार (एकवेळची किंवा कायम) आणि यंत्राचा तपशील देता येतो. कमाल दर द्यायचाच असेल तर तो संख्या म्हणून न देता अवतरणात, मजकूर म्हणून लिहावा लागतो. उत्तरात ‘एसआयआर’ने सुरू होणारा मागणीक्रमांक मिळतो. यंत्र सुरू होताच चालवायची आज्ञावली इथे बेस६४ मध्ये (कोणताही डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याच्या सांकेतिक रूपात) रूपांतरित करूनच द्यावी लागते. यंत्रे सुरू करण्याच्या सर्वसाधारण ‘रन_इन्स्टन्सेस’ पद्धतीत हे रूपांतर लायब्ररी आपण होऊन करते, त्यामुळे एकीकडचा कोड दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवल्यास चुकतो. आणखी एक बाब खर्चाच्या दृष्टीने गंभीर आहे. मागणी रद्द केल्याने चालू यंत्र थांबत नाही, ते वेगळे बंद करावे लागते. याउलट, मागणी ‘कायम’ प्रकारची असताना नुसते यंत्रच बंद केले, तर मागणी पुन्हा खुली होऊन नवे यंत्र सुरू होऊ शकते. बंद करताना आधी मागणी रद्द करावी, मग यंत्र बंद करावे. ‘रिक्वेस्ट_स्पॉट_इन्स्टन्सेस’ आता जुनी गणली जाते. नव्या कामासाठी एडब्ल्यूएस ‘रन_इन्स्टन्सेस’मध्येच बाजारप्रकार ‘स्पॉट’ असा नमूद करण्याची किंवा फ्लीट (अनेक यंत्रे एकत्रित मागण्याच्या) पद्धतीची शिफारस करते.

यंत्र परत घेण्यापूर्वी साधारण दोन मिनिटे आधी सूचना मिळते. ही सोय २०१५ मध्ये आली. यंत्राच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरील मेटाडेटा (यंत्राची स्वतःविषयीची माहिती) दर काही सेकंदांनी तपासल्यास ती दिसते, तोवर तिथे ४०४ (सापडले नाही) हेच उत्तर येते. परत घेताना यंत्र सुप्तावस्थेत (हायबरनेट) ठेवायचे ठरवले असेल, तर मात्र ही दोन मिनिटेही मिळत नाहीत, प्रक्रिया लगेच सुरू होते. चित्रफितींचे रूपांतर, मोठ्या विदेचे विश्लेषण, सॉफ्टवेअरच्या चाचण्या अशी मध्येच तुटली तरी पुन्हा चालवता येणारी कामे या पद्धतीला मानवतात. एकाच यंत्रावरच्या डेटाबेससाठी ती टाळावी.

दर प्रदेश (एडब्ल्यूएसची संगणककेंद्रे असलेला भाग), त्यातील उपलब्धता-क्षेत्र (स्वतंत्र केंद्रसमूह) आणि यंत्रप्रकार यांनुसार वेगळे असतात. भारतात एडब्ल्यूएसचे मुंबई (२०१६) आणि हैदराबाद (२०२२) हे दोन प्रदेश आहेत. ‘डिस्क्राइब_स्पॉट_प्राइस_हिस्टरी’ या पद्धतीने त्यांचे मागील ९० दिवसांपर्यंतचे दर पाहता येतात. गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडमध्येही अशीच सवलत आहे. तिथे पूर्वसूचना अवघी ३० सेकंदांची असते.